रव्याच्या डब्यातली यादी

पहिल्याच दिवशी त्या गृहस्थांनी मला मारण्याचे एकोणीस शब्द टाइप करायला दिले. आईनं पोराला जेवायला बसवताना मारायची ती चापट वेगळी, नावाड्यानं ओल्या दोराचा दिलेला फटका वेगळा आणि शिपायानं नाव विचारायच्या आधी कानाखाली ठेवून दिलेली वेगळी. प्रत्येकाला स्वतंत्र अरबी शब्द, समोर इंग्रजीत अर्थ. मला वाटलं, या माणसाचं डोकं फिरलेलं दिसतंय. मी म्हटलं, "आमच्या मराठीतही काही कमी नाहीत. टप्पल, धपाटा, रट्टा, बुक्की, गुद्दा, चपराक." त्यांनी लगेच पेन उचललं. "धपाटा कुठे मारतात?" मी म्हटलं, "पाठीत. आणि शक्यतो आईच मारते." ते इतके खूश झाले की तिथल्या तिथे मला नोकरी मिळाली.

हे साठच्या दशकाच्या मध्यावरचं. किलबर्नमध्ये एका ड्रायक्लीनरच्या दुकानावर त्यांची खोली होती आणि मी वेम्बलीहून बेकरलू लाइननं तिथं जायची. ते अरबी भाषेचे पंडित होते. आपल्या देशात प्राध्यापक होते, व्याकरणावर लिहीत, कथाही लिहीत. एका कथेपायी तुरुंगात गेले आणि तिथून सुटल्यावर लंडनला आले. त्यांच्या देशाचं नाव मी लिहीत नाही, त्यांचंही लिहीत नाही. या लेखात एकही नाव येणार नाही, आणि त्याला कारण आहे.

मी मुंबईची. आमच्या आज्यापणज्यांना कोकणात शनवार तेली म्हणत, कारण ते तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. मी उमरखाडीत वाढले, मराठीत भांडायला आणि हिब्रूत प्रार्थना करायला शिकले. नाकावर राग लहानपणापासूनचा. लग्नानंतर लंडनला आल्यावर माझे हे रेल्वेच्या वर्कशॉपात लागले आणि मी टाइपिंग करत राहिले. मुलाखतीतच मी सरांना सांगून टाकलं होतं की शुक्रवारी मला स्वयंपाक असतो आणि शनिवारी मी येणार नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. म्हणाले, "शुक्रवार माझा, शनिवार तुमचा, रविवार या लोकांचा. मग काम करायचं कधी?" सोमवार ते गुरुवार ठरलं.

त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं वाकडी होती. तुरुंगात दाराच्या फटीत घालून दार ओढलं होतं. म्हणून टाइपिस्ट लागायची. ही हकिकत त्यांनी मला कधी सांगितली नाही, टाइप करायला दिली. एक शब्द होता, त्याचा अर्थ: 'तळपाय वर बांधून त्यावर वेतानं मारणे, शाळेत आणि तुरुंगात.' खाली उदाहरणाचं वाक्य: 'चौथ्या दिवशी मी रांगत संडासला गेलो.' मी टाइप करता करता थांबले. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "उदाहरण माझंच आहे. पुढे चला."

ते कोश करत होते, त्यांच्या नदीकाठच्या गावातल्या बोलीचा. पुस्तकी अरबीचे कोश ढिगानं आहेत, पण नावाडी, न्हावी, हमामातल्या बाया काय बोलतात ते कुणी लिहिलेलं नव्हतं. गावातली माणसं पत्रांतून शब्द पाठवायची. प्रत्येक शब्दाची एक चिठ्ठी, आणि चिठ्ठ्या बुटांच्या खोक्यांत. चिठ्ठीच्या खालच्या कोपऱ्यात शब्द देणाऱ्याचं नाव, बापाचं नाव, धंदा आणि मोहल्ला. यात ते तसूभर सूट देत नसत. "मालकाशिवाय शब्द म्हणजे चोरीचा माल," असं म्हणायचे. हिब्रूमुळे मला उजवीकडून वाचायची सवय होतीच. वर्षभरात अरबी अक्षरं कळू लागली, आणि त्यांच्या अरबी टाइपरायटरवर माझी बोटं बसली.

त्या माणसांतली एक सुईण मला फार आवडायची. म्हातारी होती, लिहिता येत नव्हतं, भाचा तिची पत्रं लिहायचा. निम्म्या गावाची नाळ तिनं कापलेली, त्यामुळे ती कुणालाही काहीही बोलू शकायची. शिव्या म्हणजे तिचा हातखंडा. एकदा तिनं एका शापाचं उदाहरण म्हणून देशाच्या नव्या हुकूमशहाला बेंबीपासून टाचेपर्यंत शिव्या दिल्या होत्या. सर हसून हसून खोकायला लागले. मी म्हटलं, ही बाई उमरखाडीत असती तर नळावर हिचाच पहिला नंबर लागला असता.

सदुसष्टच्या जून महिन्यात लढाई झाली, त्यांच्या लोकांची आणि आमच्या म्हणवणाऱ्यांची. त्या आठवड्यात आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोललो. ते रेडिओ लावत आणि मी खोलीत शिरले की बंद करत. मला त्याचाच राग आला. चौथ्या दिवशी मी म्हटलं, "लावा ना, मी काय बहिरी आहे?" ते म्हणाले, "तुम्हाला आनंद होताना मला बघवणार नाही." मी म्हटलं, "माझा भाऊ आहे तिथं. जिवंत आहे का ते मला ठाऊक नाही. कसला आनंद?" मग त्यांनी रेडिओ लावला आणि आम्ही दोघं खोलीच्या दोन टोकांना खुर्च्या ठेवून बातम्या ऐकत बसलो.

पुढच्या एक-दोन वर्षांत त्यांच्या देशात माणसं रातोरात नाहीशी होऊ लागली. त्या चिठ्ठ्यांचं काय, असा प्रश्न आला. तेव्हा तोडगा मी काढला. मुंबईत मी सॉलिसिटरच्या ऑफिसात काम केलेलं. म्हटलं, चिठ्ठीवर नाव कशाला, नंबर घाला. नंबर आणि नावं यांची एकच यादी करू आणि ती कुलपात ठेवू. त्यांना आवडलं नाही, पण पटलं. आम्ही दोघं तीन आठवडे कात्र्या घेऊन बसलो आणि हजारो चिठ्ठ्यांचे कोपरे कापले. यादी मी टाइप केली. कार्बन न लावता, एकच प्रत. शंभराच्या आसपास माणसं पाच पानांत मावली. माझ्या हुशारीचं मला फार कौतुक वाटलं होतं.

मारामारी फक्त त्यांच्याच देशात होती असं नाही. सत्तर साल उजाडलं आणि टकलू, मोठे बूट घातलेली, आमच्यासारख्या सावळ्या लोकांना झोडपणारी गोरी पोरं आमच्या स्टेशनाबाहेर उभी राहू लागली. एका संध्याकाळी शिफ्टवरून येणाऱ्या ह्यांना त्यांनी खाली पाडलं आणि बुटांनी तुडवलं. दोन दात गेले, कानातून रक्त आलं. मी दूध घेऊन समोरूनच येत होते. काय झालंय ते कळायच्या आत मी छत्रीच्या दांड्यानं एकाच्या डोक्यात हाणली होती. दांडा मोडला. पोरगं भोकाड पसरून रडायला लागलं, असेल सोळा-सतरा वर्षांचं. मला अजून एक हाणायची होती. ह्यांनी जमिनीवर पडल्या पडल्या माझा पदर धरला आणि म्हणाले, "अगं, बस्स कर. पोलीस येऊन तुलाच अरेस्ट करतील." पोलीस आले, काही लिहून घेतलं नाही आणि गेले.

सर भेटायला आले, डाळिंबं घेऊन. खुर्ची ओढून ह्यांच्याजवळ बसले आणि फार हळुवारपणे विचारलं, "मारताना ते नेमकं काय म्हणत होते?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण हे सुजलेल्या तोंडानं हसायला लागले. "हा माणूस मेलेल्याच्या तोंडातनंही वर्ड काढून घेईल," असं मला मराठीत म्हणाले. त्यानंतर खिडकीवर दोनदा वीट आली. आम्ही समोरची काच काढून पत्रा ठोकला.

आता त्या गुरुवारबद्दल लिहायला हवं.

मी गेले तेव्हा सर दारातच उभे होते. सकाळी कुणाचा तरी फोन आला होता, त्यांच्याच भाषेत, अगदी अदबीनं. कोश कुठवर आला, शब्द देणाऱ्यांची नावं छापणार का, अशी चौकशी.  त्यांनी कुलूप काढलं, ती पाच पानं माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "माझ्याकडे गॅसची शेगडी आहे, धूर झाला की खालचे लोक वर येतात. तुमच्या घरी आजच जाळा. राख पाण्यात सोडा." मी हो म्हटलं.

घरी आले. परसात जुन्या पत्र्याच्या बादलीत पानं टाकली, काडी ओढली आणि वरच्या पानावर नजर गेली. पहिलंच नाव 'अल्लाचा बंदा' अशा अर्थाचं. दुसऱ्यात अल्लाची देणगी. तिसऱ्याच्या बापाच्या नावात अल्ला. अर्ध्याअधिक नावांत देव बसलेला. माझी काडी विझली.

माझे वडील देवाचं नाव लिहिलेला कागद जाळत नसत. जीर्ण झालेली प्रार्थनेची पुस्तकं पोत्यात साठवायची आणि माणसाला पुरतात तशी दफनभूमीत पुरायची, ही आमची रीत. आणि देवाच्या बाबतीत वडील माझा-तुझा करत नव्हते. मी सहा वर्षांची असताना मशिदीबाहेरच्या गटाराशी पडलेलं एक अरबी पान त्यांनी उचललं, कपाळाला लावलं आणि भिंतीच्या फटीत खोचलं. "लिपी कुठलीही असो, आत तोच आहे," असं म्हणाले होते. सरांच्यात जाळलेलं चालतं, ते मला ठाऊक होतं. पण जाळणार मी होते. दुसरी काडी ओढली, तीही विझू दिली.

मनाशी म्हटलं, जाळलं काय आणि पुरलं काय, नाहीसं होण्याशी मतलब. आमची मंडळी जिथं प्रार्थनेला जमत, त्या हॉलच्या मागच्या खोलीत जुन्या पुस्तकांची पेटी होती. तिच्या तळाशी पानं टाकली की पुढच्या दफनात ती मातीत जाणार होती. पण शुक्रवारी दिवसभर स्वयंपाक. शनिवारी आम्ही बसनं हॉलला जायचो, तेवढ्यापुरतं देवाला डोळे मिटायला सांगायचो, पण हातात काही वाहून न्यायचं नाही हा वडिलांचा नियम मी मोडला नव्हता. म्हणजे रविवार. तोवर पानांची घडी करून मी ती रव्याच्या डब्यात रव्याखाली पुरली. किती शहाणी मी!

शनिवारी दुपारी आम्ही परत आलो तर मागचं दार बिजागरीतून उखडलेलं. गाद्या फाडलेल्या, कपाट आडवं, देवघरासारखी जपलेली माझ्या आईची पितळी दिवली चेपलेली. शेजारीण कुंपणापलीकडून म्हणाली, तीच पोरं असणार. पोलिसांनीही तेच म्हटलं. हे डोक्याला हात लावून बसले. मी स्वयंपाकघरात गेले. डाळी, तांदूळ, सगळे डबे पालथे, आणि रवा जमिनीभर. त्यात बोटांचे माग होते, कुणीतरी चाळून पाहिल्याचे. टकलू पोरं रवा कशाला चाळतील? मी गुडघ्यावर बसून तो सगळा रवा हातांनी पुन्हा चाळला. पानं नव्हती. ह्यांनी विचारलं, "काय शोधतेस?" मी म्हटलं, "काही नाही, झाडतेय."

सोमवारी किलबर्नला गेले तर आयरिश घरमालकीण जिन्यावर रक्त पुसत होती. शुक्रवारी दिवसाढवळ्या दोघंजण आले होते, चांगल्या कोटांतले. तिनं रेडिओचा आवाज ऐकला आणि त्याखाली दुसरा आवाज. सर हॉस्पिटलमध्ये होते. चार बरगड्या, एक डोळा बंद, आणि उरलेली चांगली बोटंही मोडलेली. खोलीतली खोकी उपडी केली होती, चिठ्ठ्यांवर बुटांचे ठसे होते. टेबलाच्या खणातली त्यांची पत्त्यांची वही नव्हती. त्या वहीत माझा पत्ता पहिल्याच पानावर होता.

मी पलंगापाशी गेले. त्यांनी चांगला डोळा उघडला. पहिला प्रश्न हाच. "जाळली?"

त्या क्षणाबद्दल मी पन्नास वर्षं स्वतःशी भांडते आहे. खरं सांगितलं असतं तर अजून वेळ होता. त्यांच्या गावात एक कापडवाला होता, त्याच्याकडे तार करायची सोय होती. 'लग्न पुढे ढकललं' एवढं कळवलं की माणसं नदीपलीकडे निघून गेली असती. सगळी नाही, पण काही. ती तार कशी करायची हे मला ठाऊक होतं, आधी एकदा मीच पोस्टात जाऊन केली होती. पण समोर ते फुटलेलं तोंड, आणि त्यात माझ्यावरचा तो विश्वास. मी भेकड ठरले. छत्री घेऊन टकल्यांवर धावणारी मी, एका निजलेल्या माणसाला घाबरले.

"जाळली," मी म्हटलं.

ते हसले. ओठ फाटून रक्त आलं. म्हणाले, "मीही त्यांना तेच सांगत होतो. खरं सांगत असलं की मार सोसायला सोपा जातो."

दोन महिन्यांत पत्रं येईनाशी झाली. आधी न्हाव्याची, मग दोन नावाडी भावांची. मग पॅरिसला पळून आलेल्या एका विद्यार्थ्यानं कळवलं की सैनिक हातात टाइप केलेली यादी घेऊन मोहल्ल्यामोहल्ल्यातून फिरले. सुईणीला तिच्या दारातच बंदुकीच्या दस्त्यानं मारलं. ती शिव्या देत होती, म्हणून तोंडावर मारलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. भाच्याचं तर प्रेतही मिळालं नाही.

यादी टाइप केलेली होती हे पत्रातच होतं. ती माझीच पाच पानं होती. पण सरांना भलतंच सुचलं. त्यांनी ठरवून टाकलं की मार खाताना शुद्ध हरपली तेव्हा आपणच नावं सांगितली आणि त्या लोकांनी मग ती टाइप करून घेतली. इतकी नावं त्यांना पाठ होतीच, मालकासकट. "मार खाताना माणूस काय बोलतो ते त्याचं त्याला कळत नाही. एका शब्दाच्या उदाहरणात मीच लिहिलंय ते, खोक्यात चिठ्ठी असेल," असं म्हणायचे. त्यानंतर ते कधी हसले नाहीत. सकाळी मी जिना चढायची तेव्हा आतून आवाज यायचा. ते मोडक्या हातानं स्वतःच्याच तोंडात मारून घेत असत. मी दार वाजवलं की आवाज थांबायचा. आत गेल्यावर ते म्हणायचे, "चला, कालच्या अक्षरापासून." मी मशीनला कागद लावायची. असं पाच वर्षं चाललं. मी ती पाच वर्षं बघितली आणि तोंडातून ब्र काढला नाही.

कोश पुरा झाला तेव्हा वेम्बलीत ईलिंग रोडवर कढीपत्ता मिळू लागला होता, आणि सर म्हातारे झाले होते. प्रस्तावना राहिली होती. एका मंगळवारी ते खिडकीशी उभं राहून सांगू लागले आणि मी टाइप करू लागले. 'या कोशातले शब्द माझ्या गावच्या माणसांचे आहेत. मार सहन न होऊन मी त्यांची नावं सांगितली, आणि ती माणसं मारली गेली.'

'सहन' पर्यंत माझी बोटं गेली आणि थांबली.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"हे खोटं आहे," मी म्हटलं. आणि मग सगळं सांगितलं. बादली, काड्या, वडील, रविवार, रवा. हॉस्पिटलमधलं 'जाळली' सुद्धा.  माझं संपलं तेव्हा ते माझ्या खुर्चीपाशी आले आणि त्यांनी मला मारलं. त्या मोडक्या हातानं, तोंडावर, एकदा, मग पुन्हा. लागलं फारसं नाही, बोटांत जोरच नव्हता. मला वाटत होतं की जोर असायला हवा होता. माझा चष्मा टाइपरायटरवर पडला. मग ते खाली बसले, जमिनीवरच, आणि मोठ्यानं रडले. ती तार, ती तार, एवढंच म्हणत होते.

बऱ्याच वेळानं ते उठले. चष्मा उचलून माझ्या हातात दिला. म्हणाले, "पुढे घ्या. 'सहन न होऊन मी त्यांची नावं सांगितली.'"

"सर, पण तुम्ही नाही सांगितलीत. मी..."

"तुमचं नाव मी कागदावर लिहू?" ते ओरडले. "पुन्हा एक नाव? त्या मेलेल्यांची पोरं आहेत, भाऊ आहेत. ती पुस्तक वाचतील, एका यहुदी बाईचं नाव वाचतील आणि त्यांना बाकी काहीही कळणार नाही. मी त्यांच्याच गावचा आहे. शिवी द्यायला त्यांना मीच बरा. टाइप करा."

मी टाइप केलं. एकही चूक न करता, दोन प्रती, कार्बन लावून.

सर दोन हिवाळ्यांनी गेले. कोश अजून वापरात आहे. त्यांच्या गावचा एक तरुण मागे ट्यूबमध्ये भेटला, त्यानं मला सांगितलं की आमच्याकडे त्या पुस्तकाला सगळे मान देतात आणि लिहिणाऱ्याच्या नावावर थुंकतात. मी वेम्बली पार्कला उतरले आणि बाकावर बसून राहिले. ह्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, त्यांनाही मी कधी सांगितलं नाही. आता माझं वय झालं, आणि सरांनी माझ्यावर घातलेलं पांघरूण मला काढून ठेवायचं आहे.

पुन्हा कुणाचं नाव कागदावर नको, म्हणून या लेखात नावं नाहीत. पण ते वाक्य खोटं आहे. त्यांनी मार सोसला, चार बरगड्या मोडून घेतल्या आणि एकही नाव सांगितलं नाही. नावं माझ्या रव्याच्या डब्यात होती.